गडग्यावरील नोंदी

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी सारी नोकरी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांत झाली, आणि ज्या छंदाविषयी येथे लिहावयाचे आहे तो या नोकरीच्याच पोटी जन्मला. मोजणीच्या कामाचा बराचसा काळ प्रत्यक्ष मोजण्यात जात नाही, ही गोष्ट खात्याबाहेरील माणसास सहसा ठाऊक नसते. अर्जदार वेळेवर हजर असतो. परंतु लगतच्या कब्जेदारांवर नोटिसा बजावलेल्या असूनही त्यांतील एखादा मुंबईहून यावयाचा असतो, एखाद्याची समजूत पंचांना घालावी लागते, आणि सर्वांची जमवाजमव होऊन साखळी जमिनीवर पडेपर्यंत भूकरमापकाने हद्दीच्या दगडाशी उभे राहून वाट पाहावी, हा शिरस्ता. आमच्याकडे हद्द म्हणजे बहुधा जांभ्या दगडाचा, चुन्यामातीवाचून रचलेला गडगा. त्या गडग्याच्या भोकांतून कुंभारीण माशी चिखलाची गोळी तोंडात धरून जा-ये करीत असते, सापसुरळी उन्हासाठी बाहेर येते, वर वाढलेल्या घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची वर्दळ चालते आणि दोन फांद्यांमध्ये सिग्नेचर कोळीण आपल्या जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा ओढून स्वस्थ बसलेली असते. दोन भावांमधील जमिनीचा तंटा ज्या रेषेवर वर्षानुवर्षे पेटलेला, त्याच रेषेवर दोन्ही बाजूंच्या कोणाच्याही नजरेस न पडणारी अशी एक दाट वस्ती नांदत आहे, हे त्या ताटकळण्याच्या वेळी मला प्रथम दिसले, आणि एकदा दिसल्यावर तिच्याकडे पाठ फिरविणे मला शक्य झाले नाही.

पाहण्याची सवय लागली की नाव जाणण्याची इच्छा होते, आणि नाव जाणावयाचे तर पाहिलेले काही काळ स्थिर करून ठेवावे लागते. म्हणून कॅमेरा आला. आरंभी तो फिल्मचा होता आणि छत्तीस चित्रांचा एक रोळ पुष्कळ दिवस पुरवावा लागे, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा पाहण्याची शिस्त अंगी बाणली. पुढे डिजिटल कॅमेरा व मॅक्रो लेन्स घेतली, तरी ती शिस्त मी टिकवून ठेवली आहे. या कामातील मुख्य अडचण प्रकाशाची आणि खोलीची असते. कीटक जेवढा आहे तेवढाच कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटावा इतके जवळ गेले, की लेन्सचे छिद्र कितीही लहान केले तरी स्पष्टतेचा पट्टा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा राहतो. त्या पट्ट्यात डोळा धरावा तर पंख निसटतो आणि पंख धरावा तर पाय धूसर होतात. यावर उपाय एवढाच, की ज्या भागावरून ओळख पटावयाची तो भाग आधी ठरवावा आणि कॅमेऱ्याचा संवेदक त्याला समांतर धरावा. फुलपाखरू पंख मिटून बसले असेल तर बाजूने, उघडून बसले असेल तर वरून. चतुराचे मात्र वरून आणि बाजूने असे दोन्ही अंगांनी चित्र घ्यावयाचे, कारण त्याच्या छातीवरील पट्टे बाजूने कळतात आणि शेपटीच्या टोकाची उपांगे वरून. फ्लॅशपुढे मी ट्रेसिंग पेपर लावतो. तो कार्यालयात नकाशे उतरून घेण्यासाठी असे आणि त्याचा प्रकाश मऊ पडतो, हे मला नकाशांच्या टेबलावरच ठाऊक झाले होते. आश्विन-कार्तिकातील सकाळ या कामासाठी सर्वोत्तम. रात्रीच्या गारव्याने कीटक जडावलेले असतात आणि ऊन वर चढेपर्यंत जागचे हलत नाहीत. कीटकास स्थिर करण्यासाठी शीतकपाटात ठेवून मग पानावर मांडण्याची एक रीत काही ठिकाणी रूढ आहे. ती मला सर्वस्वी अमान्य आहे, कारण तसे घेतलेले चित्र त्या प्राण्याच्या आयुष्यातील कोणत्याही क्षणाचे नसते.

परंतु चित्र सुंदर साधणे आणि चित्र उपयोगी पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. स्पर्धांतून ज्या छायाचित्रांना पारितोषिके मिळतात त्यांत कीटकामागील सारे काही विरघळून गेलेले असते. हिरवा किंवा काळा पडदा आणि त्यापुढे एकटा, झळझळीत कीटक. डोळ्याला त्याने आनंद होतो हे खरे. परंतु तो कीटक कोणत्या झाडावर होता, ते पान समोरासमोर येते की एकाआड एक, झाडाखाली पाणी होते की कातळ, हे सर्व त्या पडद्याने पुसून टाकलेले असते. म्हणून कीटकाचे चित्र घेतल्यावर त्याच जागी उभे राहून झाडाचे एक आणि जागेचे एक, अशी आणखी दोन चित्रे मी घेतो आणि सायंकाळी वहीत तारीख, मौजे, जागा, वनस्पती, वेळ, हवा, कीटक काय करीत होता आणि चित्रांचे क्रमांक इतके रकाने भरतो. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मोजणीच्या नकाशाची क प्रत पक्षकाराच्या हाती देताना त्यावर हद्दीच्या दगडांपासूनची अंतरे नसतील तर तिला जेवढी किंमत, तेवढीच स्थळ आणि वनस्पती न लिहिलेल्या कीटकचित्राला, असे माझे ठाम मत आहे.

या मताला बळकटी ज्यांच्या ग्रंथांनी दिली, ती माणसे माझ्यासारखीच सरकारी नोकर होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, जे ‘एहा’ या नावाने लिहीत, यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात होते आणि खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द व रत्नागिरी अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या झाल्या. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते एक होते. मुलकी खात्यातील जेम्स डेव्हिडसन आणि जंगलखात्यातील टी. आर. बेल यांच्यासह त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर जी लेखमाला लिहिली ती सोसायटीच्या नियतकालिकात १८९६ पासून छापली गेली. ती मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात एक मोठा प्रकाश पडला. फुलपाखरे टाचून पेटीत मांडणे आणि पंखांच्या नक्षीवरून त्यांना नावे देणे, ही त्या काळची सर्वमान्य पद्धत असता, या तिघांनी झाडांवर अळ्या शोधल्या, कोणती अळी कोणत्या झाडाचे पान खाते ते नोंदले, त्या घरी वाढविल्या, कोश कसा लटकतो ते पाहिले आणि त्यातून बाहेर पडलेल्या फुलपाखराला मग त्याच्या सर्व जन्मकहाणीसह ओळखले. सरकारी दौऱ्यावर तंबूत राहून, दफ्तराचे काम उरकून, फावल्या वेळात केलेला हा उद्योग आहे. आणि तरीही कारवारपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात जो कोणी आज फुलपाखरांचा अभ्यास करील त्याला त्यांच्या नोंदी डावलून पुढे जाता येत नाही.

त्यांची रीत केवढी खरी आहे हे मला एका घराच्या परसात समजले. सावंतवाडी तालुक्यातील एका वाडीत मोजणीचे काम होते. घरधनीण वयस्क होत्या आणि सारे गाव त्यांना काकी म्हणे. परसातल्या कढीलिंबावर त्यांना अळ्या दिसल्या होत्या. लहान होत्या तोवर पाखराच्या विष्ठेसारख्या, ओल्या, तपकिरी-पांढऱ्या दिसणाऱ्या आणि वाढल्यावर पानाच्याच रंगाच्या हिरव्यागार झालेल्या त्या अळ्यांपैकी एकीला काकींनी काडीने डिवचले, तेव्हा तिच्या डोक्यामागून तांबडी, दुभागलेली शिंगे बाहेर आली आणि उग्र दर्प सुटला. काकी दचकून मागे सरल्या.

“साहेबानु, ह्यो किडो सगळो कढीलिंब खातलो. मारूचो काय?”

“नको काकी. चार दिस रवा, मगे सांगतंय.”

त्यांनी माझे ऐकले, एवढेच नव्हे तर डहाळीला जाळीची पिशवी बांधू दिली. पुढे कोश झाले, आणि आठवडा-दीड आठवड्याने काकींचा निरोप येताच मी पुन्हा त्या परसात गेलो. कोशातून निघालेले फुलपाखरू पंख वाळवीत बसले होते: काळे, मागल्या पंखांच्या मध्यावर पांढरे डाग आणि कडेने तांबड्या चंद्रकोरी. ज्याने फुलपाखरांचे पुस्तक चाळले आहे असा कोणीही त्याला पाहताक्षणी कॉमन रोज म्हणाला असता, आणि पंखांपुरते ते म्हणणे नक्षीशी जुळलेही असते. परंतु कॉमन रोजची अळी सापसंदेवर वाढते; ती वेल विषारी असते आणि तिच्यातील विष अळीच्या अंगात उतरून फुलपाखरापर्यंत पोहोचते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. कढीलिंबावर कॉमन रोज जन्मत नाही. समोर बसलेली होती ती कॉमन मॉर्मनची मादी, रोजचा वेष धारण केलेली. तिचे नर मात्र निव्वळ काळे, मागल्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा असलेले असतात. रोजचे अंग तांबडे असते, हिचे काळे, हाही एक पुरावा होता. परंतु उडत्या फुलपाखराचे अंग कोणास दिसते? कढीलिंब मात्र सकाळ-संध्याकाळ, डोळ्यांपुढे, जागच्या जागी उभा होता.

“ह्यां पिसोळां त्याच किड्याचां?” काकींनी विचारले, आणि होय म्हणताच त्या बराच वेळ तेथून हलल्या नाहीत.

या एका जातीने शास्त्रज्ञांना केवढे कष्ट दिले आहेत! लिनीयसने १७५८ साली तिच्या नराला एक आणि मादीला दुसरेच नाव देऊन दोन जाती मानल्या. या नाना रूपांच्या माद्या एकाच जातीच्या आहेत, त्यांतील काहींनी विषारी फुलपाखरांचे रूप घेतले आहे, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली मलाया प्रदेशातील आपल्या अभ्यासातून दाखविले. आपल्याकडे तिच्या माद्यांची तीन रूपे आढळतात: एक नरासारखे, एक कॉमन रोजसारखे, एक क्रिमझन रोजसारखे. हा वेषपालट एकाच डबलसेक्स नावाच्या जनुकाच्या स्वाधीन आहे, असे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरचे त्यांचे पुस्तक माझ्या पिशवीत पुष्कळ वर्षे फिरले आहे, त्यामुळे हे वाचून मला झालेला आनंद आप्ताच्या यशाने व्हावा तसा होता.

अशीच दुसरी जोडी प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लाय यांची. पहिल्याला मराठीत बिबळ्या कडवा असे नाव आहे. रुईच्या चिकावर वाढलेले, पक्ष्यांना नकोसे झालेले हे तांबूस फुलपाखरू माळावर सावकाश, निर्भयपणे उडते. दुसऱ्याची फक्त मादी त्याच्यासारखी दिसते आणि त्याच्याच संथ चालीने उडते. नर काळा, मोठ्या पांढऱ्या डागांचा, डागांच्या कडेला जांभळी झाक असलेला असतो. भेद पाहावयाचा तर मागल्या पंखावर पाहावा: कडव्याच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके एकाहून अधिक, मादी एगफ्लायच्या पंखाच्या वरल्या कडेशी एकच. ठिपके मोजता आले नाहीत तर मी त्या परिसरात घोळीची भाजी उगवली आहे का ते पाहतो, कारण एगफ्लाय घोळीवर अंडी घालते. नुसती घोळ आहे म्हणून मी नाव लिहीत नाही. परंतु मादी घोळीवर उतरून शेपटीचे टोक वाकविताना दिसली, की मग माझ्या मनात शंका उरत नाही.

चतुरांच्या बाबतीत हा वनस्पतीचा आधार सुटतो, कारण त्यांची पिल्ले पाण्यात वाढतात आणि शिकार करून जगतात. तेथे पाण्याची जात ओळखावी लागते. वाहता ओढा की साचलेले तळे, वर्षभर टिकणारे की पावसाळ्यापुरते, तळाशी वाळू की कुजलेला पाला, यांवर कोण सापडेल हे पुष्कळसे ठरते. भाद्रपदाच्या अखेरीस भात लोंबीवर आले की खाचरांवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालू लागतात. ते ग्लोब स्किमर. हेच चतुर भारताकडून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे अनुमान चार्ल्स अँडरसन यांनी मालदीव बेटांवरील नोंदींवरून २००९ साली मांडले. आमच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून ते जातात तेव्हा पुढे केवढी वाट आहे याची कल्पना मनात येऊन मी दरवर्षी थक्क होतो.

चतुरांवरचा आधारग्रंथ म्हणजे एफ. सी. फ्रेझर यांचे तीन खंड; ते १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले आणि अद्यापही उघडावे लागतात. परंतु ग्रंथ संपला म्हणून शोध संपत नाही. आंबोलीलगतच्या चौकुळ गावावरून नाव दिलेली चतुराची एक नवी जात, बर्मागोम्फस चौकुलेन्सिस, २०२२ साली शास्त्रापुढे आली. मौजे चौकुळ हे नाव मी कागदोपत्री किती वेळा लिहिले असेल. ते जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत एका प्राण्याच्या नावात कायमचे नोंदले गेल्याचे वाचले तेव्हा मला विलक्षण अभिमान वाटला. या कुळातील चतुरांचे दोन डोळे एकमेकांपासून दूर असतात आणि ते ओढ्यातील दगडांवर बसतात, इतके जाणले तर कूळ ओळखता येते. जात ठरविण्यासाठी मात्र छातीवरील पट्टे आणि नराची पुच्छ-उपांगे फार बारकाईने तपासावी लागतात. ज्या ओढ्यावर गावकरी रोज गुरांना पाण्यावर नेतात त्यावर शास्त्राला अज्ञात असा प्राणी राहत असावा, यात त्या ओढ्याची थोरवी आहे, आणि तेथे पुनःपुन्हा जाऊन थांबणाऱ्या माणसांची.

छायाचित्राची हद्दही येथेच सांगून टाकली पाहिजे. जगात कीटकांच्या सुमारे दहा लाख जातींचे वर्णन झाले आहे, आणि त्यांतील फार मोठा वाटा असा आहे की सूक्ष्मदर्शकाखाली जननांगे तपासल्यावाचून त्यांचा निर्णय होत नाही. बारीक माश्या, भुंगेरे, परजीवी गांधीलमाश्या, कित्येक पतंग यांचे चित्र कितीही रेखीव आले तरी ते कुळापर्यंत, फार तर प्रजातीच्या गटापर्यंत पोहोचविते आणि थांबते. हल्ली भ्रमणध्वनीला चित्र दाखविले की तो क्षणार्धात नाव सांगतो, आणि नवख्याला ते नाव जातीपर्यंतचे, पूर्ण असे मिळाले की समाधान होते. मला या साधनाचे वावडे नाही, त्याने पुष्कळांना या मार्गावर आणले आहे; परंतु ज्या पुराव्यावर कुळच सिद्ध होते त्यावर जात लिहिणे ही खोटी नोंद आहे आणि खोटी नोंद कोऱ्या रकान्याहून घातक, कारण पुढचा माणूस तिच्यावर विसंबतो. महसुलाच्या दफ्तरात एका चुकीच्या फेरफाराने तीन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, हे मी जवळून पाहिले आहे.

कोठे काय दिसले ते सर्वांना सांगावे की नाही, याचा निर्णय जातीगणिक करावा लागतो. फुलपाखरांचे मी मोकळेपणाने सांगतो. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले, असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य. त्यानंतर शाळांतील मुलेदेखील विचारू लागली आहेत आणि त्यांना बागेतले लिंबाचे झाड दाखविण्यासारखा दुसरा आनंद नाही. परंतु टॅरंट्युला कोळ्याचे बीळ किंवा मलबार चापड्याची नेहमीची फांदी यांचा ठावठिकाणा मी वहीबाहेर जाऊ देत नाही. अशा प्राण्यांचा चोरटा व्यापार चालतो; आणि व्यापार नसला तरी एकाच सापाभोवती रात्रभर विजेऱ्या आणि फ्लॅश घेऊन माणसांचे कोंडाळे बसणे, हाही त्या प्राण्याचा छळच आहे.

सर्वांत अधिक जीव माझा गुंतला आहे तो कातळसड्यांत, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांत. सातबाऱ्यावर सडा बहुधा पोटखराब म्हणून लागलेला असतो, कारण त्यावर लागवड होत नाही आणि म्हणून आकारणीही नाही. कराच्या हिशेबाने ती नोंद बरोबर आहे, आणि माझ्या हाताने मी ती पुष्कळदा केली आहे. पण पावसाळ्यात त्या काळ्या-तांबड्या दगडावर बोटभर मातीच्या थरात दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पती वर येतात, खळग्यांतील पाण्यावर चतुरांच्या गोतातल्या टाचण्या अंडी घालतात, आणि आंबोलीच्या बाजूस, २००९ साली ज्याला शास्त्रीय नाव मिळाले तो अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली भेक पहिल्या पावसाच्या उथळ डबक्यांत प्रजनन करतो. तो या भागाबाहेर कोठेच राहत नाही. चिरेखाणीसाठी सडा कापला की ते डबके परत होत नाही. जांभा पुन्हा उगवत नाही. यासाठी सड्यांवरच्या माझ्या नोंदींना मी सर्व्हे नंबरही जोडतो, म्हणजे उद्या कोणी खाणीचा परवाना मागितला आणि ‘तेथे काही नाही’ असे लिहून आले, तर तेथे कोणत्या तारखेला कोण होते ते कागदावर दाखविता यावे.

सेवानिवृत्तीनंतर मी कढीलिंबाकडे परतलो आहे. काकींच्या परसातल्या काही कोशांतून फुलपाखराऐवजी बारीक, काळ्या, चकाकत्या गांधीलमाश्या बाहेर पडतात. त्यांनी अळीत किंवा कोशात अंडी घातलेली असतात आणि त्यांची पिल्ले आतून पोसलेली असतात. माझी चित्रे पाहून या विषयाच्या एका अभ्यासकांनी कळविले, की कुळाचा अंदाज करता येतो, त्यापुढे नाही; नर आणि मादी दोन्ही, एकाच कोशातून निघालेले, अल्कोहोलमध्ये ठेवलेले आणि त्या कोशाचा आश्रयदाता नि:संशय ठाऊक असलेला, असे नमुने हवेत. अळी कोणत्या दिवशी कोणत्या पानावर होती, कोश केव्हा झाला, माश्या केव्हा निघाल्या, हे सर्व टिपण्यासाठी मी वहीत नवे रकाने आखले आहेत, आणि काकींच्या सुनेने डहाळ्यांवर चिठ्ठ्या बांधण्याचे काम अंगावर घेतले आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, आणि दिवसातून तीन वेळा ती झाडाखालून जाते.